लहान डोळ्यांचं ऑपरेशन

शाळेत असल्यापासून मला प्लसचा चष्मा. भिंगं इतकी जाड, की त्यांच्यामागे डोळे टपोरे दिसायचे. ते मुळात लहान आहेत हे कळलं साठीनंतर, मोतीबिंदू झाल्यावर.

धंतोलीतल्या दवाखान्यात डोळ्याची लांबी मोजली, ती १९ मिलिमीटर भरली. मोठ्या माणसाचा डोळा साधारण साडेतेवीसचा असतो. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने आसपासच्या खेड्यांत ४,७०० हून अधिक प्रौढ तपासले होते. त्यांची सरासरी २२.६ होती. माझे डोळे त्याहूनही बरेच आखूड.

“बाई, घाई नका करू,” म्हणत डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डोळा लहान, पण आतलं भिंग नेहमीएवढंच. त्यामुळे पुढे जागा उरत नाही. पाणी वाहून जायची वाट बुजली, की काचबिंदू. बाहेरचं पांढरं कवच जाड असल्यानं शिराही दबतात. ऑपरेशनमध्ये डोळ्यातला दाब एकदम उतरला, तर पडद्याखाली पाणी साचतं, क्वचित रक्तस्राव होतो आणि नजरही जाऊ शकते.

म्हणून आधी लेझरनं बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडलं. इतरांना साधारण +२१ च्या आसपासचं भिंग बसतं, मला +३८ चं हवं होतं. ते मागवावं लागलं. इतक्या आखूड डोळ्यात मिलिमीटरभर चूक झाली तर नंबर तीनहून जास्त हुकतो, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा झाली.

ऑपरेशनआधी डोळ्यातला दाब उतरवायला मॅनिटॉलची सलाईन लावली. त्यानं लघवी फार होते. “बाई, आत्ताच जाऊन या, मग टेबलावरून उठता येणार नाही,” असं सिस्टरनं बजावलं आणि सलाईनची बाटली धरून ती दारापर्यंत सोबत आली.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी दाब मोजला, पडदा नीट पाहिला आणि मगच अक्षरं वाचायला लावली. खालच्या ओळी मी चष्म्याशिवाय वाचल्या. दुसरा डोळा काही आठवड्यांनी, तितक्याच सावधपणे झाला.

हा दोष घराण्यात असू शकतो, असं कळल्यावर माझ्यासारखाच चष्मा लावणाऱ्या धाकट्या भावाला दाखवून आणलं. त्याच्या डोळ्यातली वाट बुजत आली होती. वेळेवर लेझर झालं. तुमच्या घरात कुणाला लहानपणापासून प्लसचा जाड चष्मा असेल, तर मोतीबिंदूची वाट पाहू नका. डोळ्याची लांबी मोजून घ्या, आणि ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी तो आकडा डॉक्टरांना सांगा.