प्रवासाची वही

विद्यार्थी मित्रांनो, प्रवासाला जायचे म्हटले, की तुम्हांला काय आठवते? एस. टी.तील खिडकीची जागा, डब्यातला खाऊ, वाटेत दिसणारे डोंगर! प्रवास घराच्या दारातून सुरू होतो, असे आपल्याला वाटते. पण लांबच्या प्रवासाचा पहिला भाग घरात बसूनच करावा लागतो. तो कागदावर, पेन्सिलीने करावा लागतो. अशाच एका प्रवासाची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे. हा प्रवास अमेरिकेतला. पण त्याची वही मात्र चिपळूणला, आमच्या घराच्या ओटीवर लिहिली गेली.

माझे मामेभाऊ अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरात राहतात. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. घरात भाभी आणि दोन मुले आहेत. गेल्या वर्षी माझ्या मुमानी, म्हणजे भाईजानच्या अम्मी, सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेल्या होत्या. भाईजानकडे दोन गाड्या आहेत. एक सात आसनांची मोठी गाडी आणि दुसरी दोन दरवाज्यांची जुनी जीप. ही जीप त्यांची फार लाडकी.

जीप तुम्ही पाहिली असेलच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी ही गाडी तयार झाली. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, म्हणून ती चिखल, वाळू आणि खडक यांतून वाट काढते. ओहायो राज्यातल्याच टोलेडो शहरात विलिस कंपनी जीप बनवत असे. आपला देश स्वतंत्र झाल्यावर महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि ही गाडी आपल्या घाटांत व खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीची झाली. माझे मामू सांगत, की त्यांनी पहिल्यांदा गाडी चालवली ती जीपच!

अमेरिकेच्या पश्चिम भागात युटा राज्यात मोआब नावाचे एक लहान गाव आहे. गावाजवळून कोलोरॅडो नदी वाहते. लाल दगडांच्या नैसर्गिक कमानी आणि खोल दऱ्या पाहायला तिथे जगभरातून लोक येतात. खडकांवरून जीप नेण्याची हौस असणारेही तिथे जमतात. १९६७ साली ईस्टरच्या वेळी तिथे जीपची सफर सुरू झाली आणि मोआबचे नाव जीपवाल्यांत पसरले. आपली जीप एकदा मोआबच्या खडकांवर न्यायची, असे भाईजानच्या मनात अनेक वर्षे होते.

पण कोलंबसपासून मोआब सुमारे २,६०० किलोमीटर दूर! पाच माणसे आणि त्यांचे सामान जीपमध्ये मावणार नव्हते. शिवाय मुमानींच्या गुडघ्यांना जीपचे धक्के इतके दिवस सोसले नसते. म्हणून सर्वांनी मोठ्या गाडीत बसायचे आणि जीप मागे बांधून ओढत न्यायची, असे ठरले.

मे महिन्याची सुटी होती. मुमानी फोनवर मला म्हणाल्या, “बेटी, तू शाळेत मुलांच्या वह्या तपासतेस. आता आमच्या सफरीची वही तू लिही. तुझ्या भाईजानचे सगळे काम अंदाजाने चालते.”

मी नवी वही काढली.

वहीच्या पहिल्या पानावर रस्ता लिहिला. हे काम सोपे होते. कोलंबसहून निघणारा सत्तर क्रमांकाचा महामार्ग इंडियाना, इलिनॉय, मिझुरी, कॅन्सस आणि कोलोरॅडो ही राज्ये ओलांडून युटात जातो. मोआबसाठी शेवटी सुमारे ५० किलोमीटर तेवढे दक्षिणेला वळायचे. म्हणजे जवळजवळ एकच रस्ता!

असे रस्ते तिथे नेहमीच नव्हते. १९१९ साली अमेरिकेच्या सैन्याने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाड्यांचा एक तांडा नेला. त्याला ६२ दिवस लागले. रस्ते कच्चे होते. गाड्या चिखलात रुतत आणि एकमेकींना ओढून काढाव्या लागत. जड गाड्यांच्या वजनाने लाकडी पूल मोडत. त्या तांड्यात आयसेनहॉवर नावाचे एक तरुण अधिकारी होते. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. १९५६ साली त्यांनी देशभर महामार्ग बांधण्याच्या कायद्यावर सही केली. त्यांचे बालपण कॅन्ससमधील ॲबिलीन या गावी गेले. हे गाव भाईजानच्या वाटेवरच आहे.

वहीच्या दुसऱ्या पानावर आम्ही अडलो. ते पान वजनाचे होते.

मुलांनो, ‘अंदाज’ आणि ‘हिशेब’ हे दोन्ही मराठी शब्द तुम्ही घरीही बोलता. पण या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे मला त्या पानावर कळले. भाईजानचा अंदाज असा होता, की मोठी गाडी दणकट आहे, ती जीप सहज ओढेल. जीप चढवून न्यायला त्यांनी एक सपाट ट्रेलरही पाहून ठेवला होता. मी त्यांना आकडे विचारले. जीप सुमारे १,८०० किलो, ट्रेलर ९०० किलो. दोन्ही मिळून २,७०० किलो. मोठी गाडी २,८०० किलोपर्यंत ओढू शकते, असे तिच्या पुस्तकात लिहिले होते.

“पाहा, बसले की नाही!” भाईजान म्हणाले.

पण गाडी किती ओढू शकते, हा एक हिशेब झाला. गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते, हा दुसरा हिशेब. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तिथे ६३५ किलो असे होते. ट्रेलरचा काही भार गाडीच्या मागच्या हुकावर पडतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवावा लागतो. तो फार कमी ठेवला, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि पुढची गाडीही रस्त्यावरून फेकली जाऊ शकते. म्हणजे हुकावर निदान २७० किलो आलेच. पाच माणसांचे मिळून २८५ किलो. दोन्हींची बेरीज ५५५. उरले फक्त ८० किलो. आणि पाणी, हत्यारे, कपडे, अंथरुणे असे सामान १४० किलोंचे होते! काही सामान जीपमध्ये ठेवले असते, तर मागचे वजन २,८०० किलोंच्या काठाला लागले असते. पुढे तर मोठा घाट चढायचा होता.

म्हणजे ६० किलो जास्त होत होते. फोनवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मुमानींचा आवाज आला.

“माझे वजन ५८ किलो आहे. मी घरी राहते. तुमचा हिशेब जुळला.”

त्यांनी हे हसत म्हटले, पण मला ते फार लागले. सफरीची वही लिही, असे त्यांनीच मला सांगितले होते आणि त्याच वहीने त्यांना गाडीतून उतरवले होते. भाईजान म्हणाले, “अम्मी, तुमच्याशिवाय जायचे असेल, तर ही जीप मी विकून टाकतो.” मी म्हणाले, “मुमानी, अजून वही मिटलेली नाही. माणूस कमी करायचा नाही. ओझे कुठे कमी होते, ते पाहू.”

दुसऱ्या दिवशी भाभींनी जीपचे पुस्तक उघडले आणि त्यात वाट सापडली. त्या जीपला ट्रेलरची गरजच नव्हती. इंजिनाकडून चाकांकडे जाणारी जोडणी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सोडवली, की ती जीप स्वतःच्या चारही चाकांवर मागे धावू शकते. पुढे मजबूत लोखंडी दांडा, सुरक्षेसाठी साखळ्या आणि मागच्या दिव्यांची तार जोडावी लागते. जीपचे ब्रेक लागावेत म्हणून वेगळे यंत्रही बसवावे लागते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ते कायद्यानेच आवश्यक आहे. भाईजानना हे यंत्र महाग वाटले. पण १,८०० किलोंची गाडी मागून ढकलत असेल, तर एकट्या पुढच्या गाडीच्या ब्रेकवर विसंबणे बरे नव्हे. मोआबला खडकांवर चढण्यासाठी घ्यायचे ठरलेले दोन शोभेचे दिवे त्यांनी रद्द केले आणि ब्रेकचे यंत्र घेतले.

ट्रेलरचे ९०० किलो गेले. हुकावरचा भार अगदी थोडा उरला. मुमानींची जागा त्यांना परत मिळाली.

आता तिसरे पान. अशा रीतीने जोडलेल्या जीपची एक मोठी अडचण असते. ती मागे घेता येत नाही. चालक मागे येऊ लागला, की जीपची पुढची चाके वाकडी वळतात आणि दांडा मोडू शकतो. मागे यायचेच असेल, तर खाली उतरून जीप सोडवावी लागते. म्हणून भाईजानने प्रत्येक मुक्काम आणि प्रत्येक पेट्रोल पंप आधीच नकाशावर पाहिला. ज्या पंपावर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते, तोच निवडला. त्याच्या पुढचा आणखी एक पंपही लिहून ठेवला. वहीच्या या पानावर मी वरती मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘बाहेर पडायची वाट दिसल्याशिवाय आत शिरू नये.’

चौथे पान उंचीचे होते. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईएवढे! तेथून रस्ता आणखी चढत आयसेनहॉवर बोगद्यात शिरतो. हा बोगदा २.७ किलोमीटर लांब आणि सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवावी, तेवढा. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. इंजिनाची ताकद कमी होते आणि माणसालाही धाप लागते. मुमानींना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांना विचारून आम्ही डेन्व्हरला पूर्ण एक दिवस विश्रांती लिहिली. ओहायोपासून डेन्व्हरपर्यंत घड्याळ दोनदा एकेक तास मागे जाते. म्हणून गोळ्यांच्या वेळांचाही तक्ता केला.

चढापेक्षा उतार अवघड असतो. बोगद्यानंतर रस्ता एकदम खाली उतरतो. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकसाठी तिथे बाजूला खडीचे चढ बांधलेले आहेत. आपल्या कुंभार्ली घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मामूंचे हेच सांगणे होते. ते वाक्य मी वहीत तसेच उतरवले.

दिवसाला साधारण ४५० ते ५५० किलोमीटर, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम आणि दर थांब्यावर दांडा, साखळ्या व टायर यांची तपासणी, असा शेवटचा तक्ता झाला. माणशी रोज चार लिटर पाणी लिहिले, कारण मोआबचे जूनमधले ऊन कडक असते. आणखी एक सूचना मुलांसाठी होती. तिथल्या वाळूवर काळपट, खरबरीत थर असतो. तो सूक्ष्म जिवांनी बांधलेला असतो आणि वाळूला धरून ठेवतो. त्यावर चाक किंवा पाऊल पडले, तर तो पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. म्हणून ठरलेली वाट सोडायची नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्वजण निघाले. कॅन्ससमध्ये वहीतल्या एका पंपाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर दुरुस्तीचे काम चालू होते. भाईजानने आत वळण्यापूर्वीच ते पाहिले आणि ते सरळ पुढच्या पंपावर गेले. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर त्यांची गाडी ट्रकच्या मागे सावकाश चालली होती. मागच्या गाड्या पुढे निघून जात होत्या. मुलगा म्हणाला, “अब्बा, सगळे आपल्या पुढे चालले.” मुमानी म्हणाल्या, “जाऊ दे. त्यांच्या मागे जीप नाही.” सहाव्या दिवशी संध्याकाळी ते मोआबला पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमधली थोडी हवा कमी करून भाईजानने जीप खडकावर चढवली. शेजारी मुमानी बसल्या होत्या.

मित्रांनो, तुम्हांला कदाचित कधी जीप ओढून न्यावी लागणार नाही. पण प्रत्येकाच्या मागे काही ना काही जोडलेले असते. कोणाच्या मागे घराची जबाबदारी असते, कोणाच्या मागे धाकटी भावंडे असतात. मोठ्या कामाला हात घालताना ‘होईल काहीतरी’ असे म्हणू नका. वही काढा. आपली ताकद किती, ओझे किती आणि परतीची वाट आहे की नाही, हे लिहून पाहा. हिशेब जुळला नाही, तर घाबरून एखाद्या माणसाला मागे ठेवू नका. आधी सामान कमी करा, मग वाट बदला. बहुतेक वेळा हिशेब जुळतो.