सशाची वहिवाट

मंडी मोहल्ला, म्हैसूर

तीर्थस्वरूप दादा,

आपले कृपापत्र पोचले. पसरणीच्या घाटात सायंकाळी फिरावयास गेले असता एक ससा आपल्या पायांखालून उठला आणि उताराची सोपी वाट सोडून थेट चढणीला लागला, याचे आपणांस नवल वाटले. कारण साधे आहे. त्याचे मागचे पाय पुढच्यांहून लांब असल्यामुळे चढणीवर कुत्रा धापा टाकू लागतो तेथे ससा लीलया उडत जातो; उतारावर मात्र तेच पाय त्याला तोंडघशी पाडू पाहतात. आपल्या भाषेने 'ससेहोलपट' हा शब्द सपाटीवरच्या सशाला पाहून घडविला असावा, डोंगरावरच्या नव्हे.

परंतु आपला खरा प्रश्न निराळा. ससा डोंगराचा की माळाचा? तीस वर्षे जमिनीच्या दाव्यांचे कागद चाळलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला या प्रश्नातच एक दोष दिसतो, तो असा की आपण मालकी विचारता आणि ससा तर केवळ वहिवाटदार आहे. हद्द, कबजा, सरहद्दीची निशाणी हे सारे वाघाचे खाते. सशाचा सातबारा कोणत्याच एका गटात निघावयाचा नाही.

आमच्या गच्चीवरून चामुंडीचा डोंगर दिसतो. दोड्ड देवराज ओडेयर (१६५९–७३) यांच्या काळातल्या त्या हजार पायऱ्या आता माझ्याने चढवत नाहीत, तथापि पायथ्याच्या झुडपी रानात पहाटे हिंडण्याची सवय मी सोडलेली नाही. तेथला ससा तो काळ्या मानेचा, म्हणजे ज्याच्या मानेमागे काजळ फासल्यासारखा डाग असतो तो. दिवसा तो झुडपाच्या किंवा उंच गवताच्या बुडाशी, बहुधा पाठीशी दगड घेऊन, अंग दाबून बसतो. ती जागा म्हणजे बीळ नव्हे, अंगाच्या घाटाची एक उथळ खोलगट बैठक असते, आणि तिच्यातून समोरचा उतार दिसत असतो. (लहानपणी आपण मला सशाची बिळे दाखवीत असा, ती कोणाची होती हे आता विचारीत नाही. बीळ खणणारा तो विलायती पाळीव ससा. त्याची पिले आंधळी आणि उघडी जन्मतात, उलट रानसशाची पिले डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊनच उघड्या गवतात जगात येतात.) अंधार पडला की तोच प्राणी बैठक सोडून मोकळ्यावर उतरतो, जेथे गवत आखूड, कोवळे आहे आणि चारी दिशा दिसतात. त्याला उंच गवत लपावयास हवे आणि आखूड गवत खावयास हवे; दोहोंपैकी एकच देणारा डोंगर कितीही रम्य असो, सशाच्या उपयोगाचा नाही.

याची साक्ष लेंड्या देतात. अभ्यासक सहसा ससा मोजीत नाहीत, कारण तो सहजी दिसत नाही. ते ठरावीक मापाच्या चौकटी आखून त्यांतील सुक्या, वाटोळ्या लेंड्या मोजतात आणि कोणत्या जागी किती राबता होता हे ताडतात. आमच्या दफ्तरात वहिवाटीचे पुरावे याहून फारसे शुद्ध नसत.

येथे कानडीत सशाला 'मोल' म्हणतात. मंडीत भावाची घासाघीस चालू असता नव्याने आलेल्या मराठी माणसाने 'मोल काय?' म्हणून विचारावे आणि शेजारच्या कानडी गृहस्थाने ससा कोठे आहे म्हणून मागे वळून पाहावे, असे या मोहल्ल्यात सहज घडू शकते.

पुन्हा मुद्द्यावर येतो. स्कॉटलंडच्या डोंगरांतला ससा हिवाळ्यात पांढरा होतो. त्याची जात निराळी, हवा निराळी, पण व्यवहार तोच. तेथील हेदर नावाचे झुडूप कोवळे असता तो खातो आणि जुने, उंच झाले की त्याच्या आडोशाला बसतो, म्हणून जेथे कोवळ्या-जुन्याची सरमिसळ आहे तेथे त्याचे चांगले भागते. आमच्याकडे ही सरमिसळ घाणेरीने मोडली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेली ही झाडी बंडीपूरच्या रानात आणि आमच्या डोंगरउतारांवरही अशी माजली आहे की आडोसा भरपूर आणि चारा नाही, असा तिचा कारभार झाला आहे. हिमवद् गोपालस्वामी बेट्टावर, सुमारे १,४५० मीटर उंचीवर, धुक्याखाली गवताळ माथे आणि घळींतून दाट झाडी अशी जी जुनी वाटणी अजून टिकून आहे, ती पाहिल्यावर चामुंडीच्या पायथ्याची अवस्था अधिकच खुपते. घाणेरी उपटण्याला माझी पूर्ण संमती आहे. सरसकट आग लावण्याला नाही, कारण जळालेल्या माळावर कोवळा फुटवा येतो खरा, परंतु आगीच्या वेळी बैठकीत दडलेली पिले कोठे जातील?

आता एक विनंती. घाटाच्या उतारावर दहा पावले लांबरुंद एक चौकट गवतात आणि तशीच एक वरच्या सड्यावर आखून, दोहोंतील लेंड्या पावसाळा लागण्यापूर्वी एकदा मोजून, आकडे पोस्टकार्डावर कळवावेत. सौ. वहिनींस नमस्कार सांगावा, मुलांस आशीर्वाद.

आपला धाकटा भाऊ