हजर की गैरहजर

हजेरीपटाइतके निर्दय पुस्तक मी दुसरे पाहिलेले नाही. त्याला दोनच शब्द येतात: हजर आणि गैरहजर. घंटेचा शेवटचा टोला पडत असताना ज्याचा एक पाय वर्गात आणि दुसरा व्हरांड्यात आहे, त्या पोराचे काय करायचे, हे त्याला ठाऊक नसते. पोर बिचारे डेअरीवर दूध घालून धावत आलेले असते. दम लागल्यामुळे 'हजर' हा शब्दही त्याच्या तोंडून अर्धाच बाहेर पडतो. माझे पेन कागदावर टेकलेले राहते, आणि तेवढ्यात पुढचे नाव पुकारायची वेळ होते.

हा पेच आम्हा मास्तरांपुरताच असावा अशी माझी समजूत होती. पण संगणकाच्या पोटातही तो उभा राहतो, हे मला एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. तो पुण्यात चिपची रचना करतो आणि गणपतीला गावी आला की संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा माणूस. मला झेपेल अशा बेताने तो बोलतो आणि मी मधूनमधून शंका विचारतो. एके काळी हे उलटे चालत असे.

चिपमध्ये एक घड्याळ असते. ते सेकंदाला कोट्यवधी ठोके देते. प्रत्येक ठोक्याला फ्लिप-फ्लॉप नावाची चिमुकली मंडले आपल्या दारात काय आले आहे ते पाहतात आणि शून्य किंवा एक अशी नोंद करतात. या मंडलाचे मूळ रूप एकल्स आणि जॉर्डन या दोघा ब्रिटिशांनी १९१८ मध्ये पेटंटासाठी मांडले. त्याची एक अट असते: ठोक्याच्या किंचित आधीपासून किंचित नंतरपर्यंत दारातल्या पाहुण्याने हलता कामा नये. आतले सगळे एकाच घड्याळावर चालणारे, म्हणून त्यांना ही शिस्त पाळता येते. पण बाहेरच्या जगाला ते घड्याळ ऐकू येत नाही. आपण बटण दाबतो ते आपल्या मर्जीने. कधीतरी बाहेरचा निरोप नेमका ठोक्याच्या क्षणीच बदलतो.

"मग तो काय लिहितो? शून्य की एक?" मी विचारले.

"काहीच धड लिहीत नाही, गुरुजी. टेकडीच्या नेमक्या माथ्यावर ठेवलेल्या गोटीसारखा मध्येच राहतो. गोटी पडणार हे खरे. पण कोणत्या अंगाला आणि केव्हा, ते सांगता येत नाही."

मला हिरण्यकशिपू आठवला. घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको, असा वर मागून तो निर्धास्त झाला होता. जगाचे दोन दोन तुकडे केले की काम भागले, असे त्याला वाटले. उंबरठा आणि तिन्हीसांज यांचा हिशेब त्याच्या वरात नव्हता.

जाणत्या इंजिनियरांनाही ही गोष्ट लवकर पटली नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात चेनी आणि मोल्नार यांनी ही लोंबकळणारी अवस्था पडद्यावर पकडली आणि १९७३ मध्ये निबंध लिहून जगापुढे ठेवली. पुढे लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक लेख लिहिला. तो छापून आला २०१२ मध्ये. गवताच्या दोन सारख्या पेंढ्यांमध्ये उभे राहून उपाशी मरणाऱ्या गाढवाची जुनी युरोपीय गोष्ट त्याने आधाराला घेतली. त्याचे म्हणणे असे, की हळूहळू सरकत जाणाऱ्या गोष्टीवरून 'हे की ते' असा निवाडा ठरावीक मुदतीत हमखास करणे कोणालाच शक्य नाही. यंत्राला नाही, गाढवाला नाही आणि माणसालाही नाही.

यावर इंजिनियर जो उपाय करतात, तो ऐकून मी चकित झालो. ते पहिल्या फ्लिप-फ्लॉपमागे दुसरा उभा करतात. पहिल्याचे उत्तर लगेच कोणी वाचायचे नाही. आणखी एक ठोका थांबायचे. तेवढ्यात गोटी बहुधा पडलेली असते. थांबणे थोडे वाढवले की धोका अनेक पटींनी उतरतो. तो शून्य मात्र कधीच होत नाही. दुसरा नियम असा, की बाहेरचा निरोप एकाच दाराने आत घ्यायचा. दोन दारांनी घेतला, तर एक म्हणेल शून्य, दुसरा म्हणेल एक, आणि दोघांच्या भरवशावर चालणारे सारे यंत्र भरकटेल.

हा दुसरा नियम ऐकताच आमच्या गावातले एक घर माझ्या डोळ्यांपुढे आले. मुलगी दहावी झाली होती. तालुक्याला वसतिगृहात ठेवून तिला पुढे शिकवावे की नाही, हे घरातल्या वडील चुलत्यांनी सांगायचे होते. ते एस.टी. पकडायच्या घाईत होते. "बघू, तशी हरकत नाही म्हणा," एवढे बोलून ते गाडीत चढले. आईने ऐकले 'हरकत नाही', आणि मुलीची पत्र्याची पेटी भरायला घेतली. बापाने ऐकले 'बघू', आणि बाजूला ठेवलेल्या पैशांची गाभण म्हैस आणली. आठवड्याने पेटी आणि म्हैस एकाच अंगणात समोरासमोर आली. मुलीचे वर्ष गेले.

पुढच्या मे महिन्यात बाप माझ्याकडे सल्ल्याला आला. मी त्याला म्हटले, "रविवारी या, आणि दोघेही या." रविवारी दोघे आली, आणि मी एकच शब्द बोललो, "पाठवा." जूनमध्ये ती गेली.

थांबल्यामुळे माझा निवाडा अधिक शहाणा झाला, असे मी म्हणणार नाही. दुसरा फ्लिप-फ्लॉपही उत्तर बरोबर करत नाही. तो ते फक्त पुरते होऊ देतो. पण पुरते उत्तर दोघांना सारखेच ऐकू येते. चुलत्यांचे मन त्या दिवशी ठरले नव्हते, यात त्यांचा काही अपराध नव्हता. टेकडीचा माथा कोणाला चुकला आहे? त्यांनी एवढेच सांगायला हवे होते: "अजून ठरले नाही, परतल्यावर सांगतो."