तीच जुनी गोळी

“ही जुनी सल्फाची गोळी. पोराला रक्ताचं औषध वेगळं चालू आहे ना? मग ही कशाला?” एवढं बोलून तालुक्याच्या एका डॉक्टरांनी माझ्या भाच्याची सेप्ट्रान बंद केली. तो राग अजून गेलेला नाही.

भाच्याला रक्ताचा कॅन्सर. घर मूल गावी, उपचार नागपूरला. सेप्ट्रान आठवड्यातून तीनच दिवस. फाइलवर ती इंग्रजीत लिहिलेली होती, पण कशासाठी ते नव्हतं. ताईनं ती ओळ दाखवलीसुद्धा.

धानकापणीच्या दिवसांत त्याला ताप भरला, कोरडा खोकला सुरू झाला. त्याच डॉक्टरांनी तपासलं. “छाती साफ आहे.” साफ होतीच! ना घरघर, ना कफ. पण बसल्या जागी पोराला धाप लागत होती, नाकपुड्या फुलत होत्या, एक वाक्य पुरं होत नव्हतं. ऑक्सिमीटरवर 91, दारापर्यंत चालवलं तर 84. “यंत्र बिघडलं असेल,” म्हणाले. ताईच्या बोटाला लावलं, 98. तरी खोकल्याचं औषध लिहून “दोन दिवसांनी या” म्हणाले! आम्ही गाडी केली आणि रातोरात नागपूर गाठलं.

निघाला न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया. धडधाकट माणसाला ही बुरशी सहसा त्रास देत नाही. केमो, एचआयव्ही किंवा तीव्र कुपोषणानं प्रतिकारशक्ती खचली, की मात्र जिवावर उठते. न्यूमोनियाची नेहमीची अँटिबायोटिकं तिच्यावर चालत नाहीत. चालते ती मुख्यतः सेप्ट्रानच, मोठ्या डोसमध्ये, साधारण तीन आठवडे. हा न्यूमोनिया होऊ नये म्हणून आधी देतात तीही मुख्यतः सेप्ट्रानच. भाचा वाचला, आता शाळेत जातो.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या दायांनाही जलद श्वासावरून लेकरांचा न्यूमोनिया ओळखून हेच औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले, 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. दाईला जो श्वास दिसला, तो शिकलेल्या डॉक्टरला दिसू नये?

खरं तर त्यांच्या दारात रोज साध्या सर्दी-खोकल्याच्या पोरांची रांग असते. असं पोर त्यांनी कधी पाहिलंही नसेल. नागपूरच्यांनीही दोन ओळी मराठीत लिहून द्यायला हव्या होत्या. मग सगळा दोष एकट्याच्या माथी का मारावा? पण ते 84 आठवलं की हा विचार टिकत नाही.

घरात केमो चालू असलेलं लेकरू असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. श्वास जलद वाटला, तर छाती साफ आहे म्हणून घरी थांबू नका.