पट्टी, तार आणि जॉन फोल्ड्स

विसाव्या शतकातल्या इंग्रजी पियानो कन्सर्टोंवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. आयर्लंड (1930), ब्रिटन (1938) या संगीतकारांच्या कन्सर्टोंवर चार पानं सहज झाली असती. पण या पावसाळ्यात सांगलीत काही मित्रांना मी इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्सचं 'डायनॅमिक ट्रिप्टिक' हे पियानो आणि वाद्यवृंदासाठीचं काम ऐकवलं. दुसऱ्या भागात व्हायोलिनं दोन सुरांच्या मधल्या जागेतून घसरू लागली, तसे एक जाणते गायक म्हणाले, "अहो, या तर आपल्या श्रुती!" ते वाक्य मला अजून टोचतं आहे.

त्या श्रुती नाहीत. सप्तकाचे 1200 बारीक भाग केले, तर पियानोवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत नेमके 100 भागांचं अंतर असतं. फोल्ड्सने त्याचा अर्धा, म्हणजे 50 भागांचा पाव स्वर घेतला. आपल्या बावीस श्रुतींचं गणित मांडणाऱ्यांची अंतरं मात्र असमान आहेत: 22, 70 आणि 90. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा गंधार 386 वर, पेटीचा 400 वर. हा 14 भागांचा फरक चांगल्या गायकाला खुपतो. पाव स्वराने तो मिटत नाही.

याच फरकापायी आपल्या भागात एक मोठा उद्योग झाला होता आणि तो लोक विसरले आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मोजमापाला मिळाला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी देवलांसोबत हे काम पुढे नेलं आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने श्रुतींची पेटी घडवली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला, संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या गटाला ती मान्य झाली नाही. देवलांच्या चिकाटीचा सांगलीकर म्हणून मला अभिमान आहे. तरी माझं मत असं, की पट्ट्या कितीही वाढवा, मींड पट्ट्यांच्या मधेच राहते. दरबारीचा गंधार एका जागी उभा नसतोच. तो मोजायचा कुठे?

फोल्ड्सने हे ओळखलं होतं असं मला वाटतं. तो मँचेस्टरचा, हॅले वाद्यवृंदात चेलो वाजवलेला. त्याची पत्नी मॉड मॅककार्थी व्हायोलिनवादक; तिने भारतात येऊन इथलं संगीत अभ्यासलं होतं. 1929 मध्ये पूर्ण झालेलं 'ट्रिप्टिक' 1931 मध्ये एडिनबरात प्रथम झालं. पियानोवर फ्रँक मेरिक होते, संचालन डोनाल्ड टोव्हींचं. पहिल्या भागात पियानो आणि वाद्यवृंद एकाच मेळाच्या सात स्वरांवर चालतात, परका स्वर येत नाही. दुसऱ्यात पियानो आपल्या पट्ट्यांवर ठाम आणि सरकण्याचं काम तारांकडे. जे पट्टीला जमत नाही ते त्याने तिच्यावर लादलं नाही. माझ्या लेखी त्या दशकातल्या इंग्रजी कन्सर्टोंत इतका धीट दुसरा नाही, आणि मैफलीत तो क्वचितच वाजतो याची मला खंत आहे.

आता आकाशवाणीवरची हार्मोनियमबंदी. 'त्या फोल्ड्सनेच आमची पेटी बंद पाडली' हे मी पेटीवाल्यांकडून इतकं ऐकलं आहे, की उत्तर देऊन थकलो. 1935 मध्ये तो भारतात आला, दिल्ली आकाशवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख झाला आणि 1938 मध्ये त्याने पेटीविरुद्ध जळजळीत लेख लिहिला, हे खरं. पण एप्रिल 1939 मध्ये कलकत्त्यात पटकीने तो गेला. बंदी आली 1 मार्च 1940 रोजी. रवींद्रनाथांनाही पेटी नकोशी होती. बंदी 1971 नंतर सैल झाली, तोवर दोष एका मेलेल्या इंग्रजाच्या नावावर राहिला. पेटीवाल्यांवर अन्याय झाला हे मला मान्य आहे. तारांची साथ सुटलेल्या आजच्या मैफली ऐकताना मात्र फोल्ड्सची तक्रार मला पटते.

दिल्लीत त्याने भारतीय वाद्यांचा वृंद उभारला आणि 'सिम्फनी ऑफ ईस्ट अँड वेस्ट' लिहिली. आपले वादक समोर बसल्यावर त्याने मींडेचं काय केलं, पाव स्वर सोडला की धरून ठेवला, हे त्या स्वरलिपीवरून कळलं असतं. ती हरवली आहे.