शक्तीप्रमाणे



दशलक्षण पर्व जवळ आलं की घरोघरी बोलणी सुरू होतात. यंदा उपवास कोण करणार, एकासन कोण करणार? माझ्या मनात मात्र वेगळाच विचार असतो. यंदा मंदिरात खुर्चीवर बसले की कोण काय बोलेल?

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नऊ वर्षं झाली. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते. वायरचं वेष्टण झिजावं तसं होतं, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. बाहेरून काही दिसत नाही. साडी नेसून उभी राहिले की मी तुमच्यासारखीच. पण उकाडा वाढला की पाय जड होतात, नजर धूसर होते. थकवा असा, की झोप काढूनही जात नाही.

"या वयात खुर्ची? आमच्या सासूबाई ऐंशीच्या, अजून खाली बसतात!" हे अभिषेकाच्या वेळी ऐकलं. शिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची. मी डोली केली, तर मागून आवाज आला, "पैसे असले की पाय दुखतात." हे सगळं मी गिळलं. पण मागच्या वर्षी आठ वर्षांची लेक पाठशाळेतून आली आणि म्हणाली, "मम्मी, तू आळशी आहेस का गं? एक काकू म्हणत होत्या." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी तिला वायरचं उदाहरण देऊन समजावलं. तिने विचारलं, "मग सगळ्यांना सांगत का नाहीस?" सांगते की, विचारलं तर. पण देवदर्शनाला येताना प्रत्येकीने आपली फाइल बरोबर आणायची का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे. त्यात माझा आजार आहे, थॅलेसेमिया आहे, ऐकू न येणं आहे, मानसिक आजारही आहे. यातलं किती तरी डोळ्यांना दिसतच नाही.

आणि आपल्या धर्माला हे नवीन नाही. षोडशकारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप आहेत. त्याग आणि तप आपापल्या शक्तीप्रमाणे. माझी शक्ती किती, हे शेजारी बसलेल्या बाईला कसं कळणार? मला निर्जळी उपवास झेपत नाही. रात्रिभोजनत्याग पाळते, खुर्चीवर बसून स्वाध्याय करते. माझं तप एवढंच, पण पूर्ण मनाने. त्याच सोळा भावनांत वैयावृत्त्यही आहे, म्हणजे सेवा. अनेकांतवाद आपण प्रवचनात ऐकतो, पण एका नजरेत कुणाला आळशी ठरवताना तो कुठे जातो?

म्हणून एक विनंती. यंदा मंदिरात मागच्या रांगेत चार-पाच खुर्च्या आधीच मांडून ठेवा, म्हणजे कुणाला मागाव्या लागणार नाहीत. एखादी तरुण मुलगी त्यावर बसली तर कारण विचारू नका. फार तर म्हणा, "पाणी आणू का गं?" मला तर तेवढ्यानेच भरून येईल.