साडेएकतीस तासांचे साडेसात



मस्कतला रुवीत एका कंत्राटदाराकडे हिशेब बघायचो तेव्हाची गोष्ट. पगाराच्या दिवशी सोलापूरकडचे एक गवंडीमामा खिशातली डायरी घेऊन दारात उभे. "साहेब, माझा ओव्हरटाइम साडेएकतीस तास भरतोय. तुमच्या कागदावर साडेसात कसा?"

मी जरा गुर्मीतच म्हटलं, "मामा, बेरीज कॉम्प्युटरने केलीय." तरी बसलो तपासायला. रोजचे तास बरोबर, फॉर्म्युलाही बरोबर. मग चोवीस तास गेले कुठे?

गेले होते फॉरमॅटमध्ये. एक्सेल वेळ साठवतं दिवसाच्या हिशेबात. सहा तास म्हणजे ०.२५, साडेएकतीस तास म्हणजे १.३१२५. पण सेलला साधा घड्याळाचा फॉरमॅट असेल तर पूर्ण दिवस गाळून उरलेलं तेवढं दाखवतं, ७:३०. आतला आकडा शाबूत असतो. आणि मी शहाण्याने समोर दिसला तो आकडा पगारपत्रकात हाताने टाकला होता! मामांचा दर तासाला ६०० बैसा. १८.९०० रियालच्या जागी ४.५००. म्हणजे १४ रियाल ४०० बैसा माझ्या आळसापायी बुडत होते.

उपाय सोपा. कस्टम फॉरमॅटमध्ये तासाच्या 'एच'ला चौकोनी कंस घाला, ३१:३० दिसेल. पैसे काढताना त्याच सेलला २४ ने आणि मग दराने गुणा. हाताने काही टाकू नका.

तसंच बैशांचं. आपल्याला सवय दोन दशांश स्थळांची, इथे रियालचे बैसे १०००. १.००४ अधिक १.००४ दोन स्थळांत बघा: १.०० अधिक १.०० बरोबर २.०१! फॉरमॅट नुसता गोल 'दाखवतो'. खरंच गोल करायचं तर राउंड फंक्शन वापरा.

'टेक्स्ट' फॉरमॅटची मात्र तऱ्हा उलटी. त्या सेलमध्ये टाइप केलेला आकडा डोळ्यांना दिसतो, पण 'सम' त्याला मोजतच नाही. नंतर नुसता फॉरमॅट बदलूनही भागत नाही, आकडा पुन्हा टाकावा लागतो.

मामांना फरक त्याच दिवशी दिला. "होतं साहेब," एवढंच म्हणाले. तेव्हापासून पगार वाटण्याआधी दोघातिघांच्या डायऱ्या मागून ताळा करायचो. कॉम्प्युटरने केलेल्या बेरजेचासुद्धा.